पेढीचा पहारा

मराठवाड्यातील जुन्या व्यापारी घराण्यांत काळ मोजण्याची एक निराळी रीत अद्याप टिकून आहे. आजोबांनी दुकान कधी घातले, भावाभावांची वाटणी कधी झाली, थोरल्या आत्याचे लग्न कोणत्या साली झाले, असे विचारले की उत्तर येते, ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी’ किंवा ‘पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी’. सन सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांच्या त्या घटनेने दोन पिढ्यांचे पंचांग दुभागले. गंमत अशी की, या कारवाईचा सारा भार लष्करावर होता. रणगाडे होते, विमाने होती, पायदळ होते आणि लष्करी कागदपत्रांत तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. हैदराबादचा प्रश्न हा देशाच्या घरातला, शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे जगाला पटवायचे म्हणून तिला पोलीस कारवाई म्हटले गेले आणि मराठवाड्याने तो इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला.

शांतता राखणे हे ज्यांचे नित्याचे काम, ते निजामाचे पोलीस तेव्हा काय करीत होते, हा प्रश्न मग साहजिकच पुढे येतो. मंठ्यासारख्या बाजारपेठेच्या गावी त्याचे उत्तर शोधायचे, तर त्याच्याही मागे सव्वाशे वर्षे जावे लागते. पेढीच्या दाराशी पहारा कोणाचा, आपल्या पदरच्या माणसाचा की राज्याच्या शिपायाचा, हा व्यापाऱ्याच्या जिवाभावाचा प्रश्न त्या काळात सुरू होतो.

मंठा आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. परंतु १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत हा मुलूख परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात मोडत असे आणि १९५६ पूर्वी सारा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. एका अंगाला पूर्णेचे खोरे, जिंतूर आणि तेथील नेमगिरीची लेणी. दुसऱ्या अंगाला लोणार. आणि लोणार म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्यामुळे मंठ्यापासून काही कोसांवर दुसरे सरकार, दुसरे नाणे आणि दुसरे पोलीस उभे राहिले. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार. सहा कलदार द्यावेत तेव्हा साधारण सात हाली पदरात पडावेत. मध्ये करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात. ही सरहद्द व्यापाऱ्याला जाचक वाटे आणि चोराला तीच सोयीची पडे. इकडचा दरोडेखोर तिकडे गेला की अलीकडच्या शिपायाचे पाय शिवेवर थबकत.

सरकारी पोलीस अस्तित्वात येण्यापूर्वी खेड्याचे रक्षण खेडेच करी. पाटील हा प्रमुख आणि त्याच्या हाताखाली गावचे जागले. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढीत निघायचे. माग दुसऱ्या गावच्या शिवारात शिरला की त्या गावच्या जागल्याने तो पुढे न्यायचा आणि ज्या गावात माग हरवला त्या गावाने चोर तरी हजर करायचा, नाही तर भरपाई तरी द्यायची. हुंडीच्या व्यवहाराशी याचे मोठे साम्य आहे. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जाई आणि शेवटच्या हातावर रक्कम पडे. गावातील घरफोडीला किंवा चोरलेल्या बैलजोडीला ही रीत पुरेशी होती. कापसाच्या गाड्यांचा तांडा, रोकड नेणारे उंट किंवा सावकाराची तिजोरी यांच्यापुढे मात्र गावचा जागल्या तोकडा पडे.

ती उणीव भरून काढली अरब आणि रोहिले यांनी. १८१८ मध्ये मराठ्यांचे राज्य संपले, फौजा मोडल्या आणि मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी निकराने लढलेल्या अरबांसारखे पगारी शिपाई एकाएकी बेकार झाले. त्यांपैकी पुष्कळांनी निजामाच्या राज्याची वाट धरली. तेथील सावकारांना अशी माणसे हवीच होती. पेढीच्या दाराशी अरब, रोकडीच्या गाड्याबरोबर अरब आणि थकलेल्या ऋणकोच्या उंबऱ्यावर धरणे धरून बसायलाही अरबच. अरबाचा शब्द मोडत नाही अशी त्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. सावकाराचा हिशेब साधा होता: पगार द्यावा आणि निश्चिंत झोपावे.

पुढे जे घडले ते जमाखर्च लिहिणाऱ्याने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. पगार थकत गेला, थकलेल्या पगारावर व्याज चढत गेले आणि पहारेकरी हाच धनको बनला. अरबांच्या जमादारांनी साठलेला पैसा व्याजी लावण्यास आरंभ केला. रोहिले तर खेडोपाडी जबर व्याजाने कर्ज देत आणि वसुलीची कोणतीही रीत त्यांना वर्ज्य नसे. दिवाण चंदुलाल यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४३ पर्यंत, खुद्द सरकारच या मंडळींचे कर्जदार होऊन बसले. तालुकेच्या तालुके जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडले. तेथला महसूल त्यांनी वसूल करावा आणि तेथला न्यायही त्यांनीच करावा, अशी स्थिती आली. मुंबईहून आलेल्या पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाड आणि औरंगाबादकडील महसूल असाच तारण होता. औरंगाबादेत त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया पाडला जाई. पुढे सरकारने ते तालुके बळाने परत घेतले आणि एवढी बलाढ्य पेढी डबघाईला आली. तारण भरभक्कम होते, कागदपत्र चोख होते. पण ते तारण राखून देणारी निःपक्ष सत्ता राज्यात नव्हती. जो दंडा उगारील त्याचे तारण, असा तो व्यवहार झाला होता.

याच काळात निजामाच्या मुलखात एक इंग्रज पोरगेला अधिकारी पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणून वावरत होता. फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १८२४ मध्ये, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, मुंबईच्या एका इंग्रज पेढीत उमेदवारी करण्यासाठी आला होता. पुढेमागे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती पेढीच मोडकळीस आलेली निघाली! एका आप्ताच्या खटपटीने त्याला निजामाच्या फौजेत औरंगाबादला जागा मिळाली, तेथे त्याने देशी भाषा शिकून घेतल्या आणि विशी उलटण्याआधीच त्याच्याकडे एका विस्तृत प्रदेशाची पोलीस-व्यवस्था आली.

त्याच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग प्रत्येक दुकानदाराने वाचावा असा आहे. मुक्काम तुळजापूरचा. यात्रेकरूंनी तंबूला गराडा घालून गाऱ्हाणे मांडले की, बाजारातील पीठवाले वजनात मारतात आणि पिठात इतकी वाळू मिसळतात की भाकरी तोंडात घालवत नाही. टेलरने गुपचूप माणसे पाठवून पीठ विकत आणवले, वजने जप्त केली. गाऱ्हाणे खरे निघाले. दंड करून सोडता आले असते. त्याऐवजी त्याने त्या सगळ्या पीठवाल्यांना एका रांगेत बसवले, ज्याच्या त्याच्या पिठाच्या भाकऱ्या त्यांच्याच हाताने करविल्या आणि यात्रेकरूंच्या देखत त्या त्यांनाच खायला लावल्या. दातांखाली वाळू कचकचू लागली तशी त्यांची विनवणी सुरू झाली. अखेर पुन्हा असे करणार नाही असे लिहून घेऊनच त्यांची सुटका झाली. या प्रसंगावर पुढे लोकांनी कवने रचली, असे टेलरने नमूद केले आहे. आजच्या कायद्याला असली शिक्षा मान्य होणार नाही आणि न होणेच योग्य. तरी पोलिसाचे काम दरोडेखोरापाशी संपत नाही, तराजूपाशीही त्याची गरज असते, ही जाणीव त्या पोरसवदा अधिकाऱ्याला होती.

श्रावकाला ती जाणीव नवी वाटू नये. तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार प्रतिक्रमणात नित्य उच्चारले जातात: चोराला चोरीस प्रवृत्त करणे, चोरून आणलेली वस्तू घेणे, विरुद्ध राज्याच्या मर्यादेचे उल्लंघन करणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे. यांतील एकाही अतिचारात दुसऱ्याच्या घराला भोक पाडावे लागत नाही. सगळे दुकानात बसल्या बसल्या घडू शकतात. सरहद्दीवरील मंठ्यासारख्या गावी तर तिसऱ्या अतिचाराचा अर्थ पोथीत पाहण्याचीही गरज नव्हती. करोडगिरीचा नाका चुकवून रात्री माल पलीकडे नेणे म्हणजे काय, हे ज्याला त्याला ठाऊक होते. चोरांचा सुळसुळाट झाला की लोक पोलिसांना बोल लावतात. चोरीचा माल रात्रीत वितळवून देणारी भट्टी कोठे पेटते, हे मात्र कोणी विचारत नाही.

१८२९ मध्ये निजामाच्या राज्यातील जिल्ह्यांवरचे इंग्रज अधिकारी काढून घेण्यात आले, त्यात टेलरचेही पोलीसचे काम गेले. वाटसरूंचे गळे आवळणारे ठग आपल्याच हद्दीतून जात-येत होते आणि आपल्या हातून त्यांचा छडा लागता लागता राहिला, ही चुटपुट त्याला पुढे जन्मभर लागून राहिली. १८३९ मध्ये ठगांच्या जबान्यांवर रचलेली त्याची कादंबरी इंग्लंडात गाजली. १८५७ च्या धामधुमीत तोच टेलर बुलढाण्याला जिल्ह्याचा अधिकारी म्हणून होता, म्हणजे मंठ्याच्या अगदी शेजारी.

खरा पालट घडविला तो सालारजंग यांनी. १८५३ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते हैदराबादचे दिवाण झाले. त्या वेळी खजिना रिकामा, तालुके गहाण आणि हत्यारबंद धनको दाराशी, असा सगळा मामला होता. त्यांनी प्रथम गहाण तालुके एकेक करून सोडवले. हे काम तलवारीचे कमी आणि हिशेबाचे अधिक होते: देणे किती खरे, व्याज किती वाजवी, हे ठरवायचे, हप्ते बांधून द्यायचे आणि तालुका मोकळा करायचा. पहारा भाड्याचा असेल तोवर राज्य भाड्याचेच राहणार, हे त्यांनी अचूक ओळखले होते. रोहिल्यांच्या टोळ्यांचा उपद्रव एवढ्याने थांबला नाही. १८५९ च्या सुमारास रिसोडजवळच्या चिचांबा गावी अशा एका टोळीशी हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची लढाई झाली. मंठ्याहून हे ठिकाण लांब नाही.

१८६५ मध्ये सालारजंगांनी जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे आणि तालुके रीतसर आखले, आणि त्याच ओघात पगारी, गणवेशातील पोलीस दल उभे राहिले. जिल्ह्याचा पोलीस प्रमुख तो मोहतमिम आणि तालुक्याच्या ठाण्यावरचा अधिकारी तो अमीन. त्याच्या हाताखाली जमादार आणि जवान. मराठवाड्यातील वयोवृद्धांच्या बोलण्यात ‘अमीनसाहेब’ हा शब्द फौजदार या अर्थाने कालपरवापर्यंत येत असे. गावपातळीवर वसुलीचा माली पाटील वेगळा आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील वेगळा, ही विभागणी निजामाच्या राज्याची खासियत होती. खजिन्याचा पहाराही पोलिसांकडे आला. रोजनामचा, फिर्याद, तहकिकात, सगळे उर्दूत. त्यामुळे मराठी दुकानदाराची फिर्याद कारकुनाच्या लेखणीतून काय रूप घेऊन उतरली, हे त्याला वाचून पाहता येत नसे. न वाचता सही करण्याची सवय किती महागात पडते, ते कोणत्याही बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस सांगू शकेल.

या जिल्हा पोलिसांच्या माथ्यावर पुढे इंग्रज अधिकारी नेमले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्नल लडलो आणि त्यांच्यानंतर दीर्घकाळ ए. सी. हँकिन. ठगी आणि दरोडेखोरी यांचा बंदोबस्त हे हँकिन यांचे मुख्य काम. रस्ते निर्धोक झाले, तांड्यांबरोबर हत्यारबंद माणसे नेण्याची गरज कमी झाली, हे श्रेय त्या व्यवस्थेला द्यावेच लागेल. मात्र तिची एक काळी बाजूही आहे. इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि हैदराबाद संस्थानातही त्याच विचाराने भटक्या जमातींच्या नोंदी व हजेऱ्या सुरू झाल्या. मूल जन्मले की ते पोलिसांच्या वहीत! तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ मध्ये. बाजारपेठांच्या मनातून तो अजून पुरता पुसलेला नाही. दुकानापुढे पारध्याची बाई उभी राहिली की गल्ल्यावरचा हात घट्ट होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जिल्हा पोलीस आणि हैदराबाद शहराचे पोलीस ही दोन वेगळी दले होती. शहराचा कोतवाल थेट निजामाला जबाबदार असे आणि त्याचा दरारा एखाद्या मंत्र्याहून कमी नसे. या कोतवालीच्या इतिहासात राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते. १८६९ मध्ये वनपर्ती संस्थानातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. जिल्हा पोलिसांत अमीन म्हणून ते लागले आणि पायरी पायरीने चढत १९२० मध्ये शहर कोतवाल झाले. आसफजाही काळात त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदू. चौदा वर्षे ते त्या आसनावर होते. या माणसाची आठवण गुन्हेगार पकडण्यापेक्षा वसतिगृह काढण्याबद्दल अधिक टिकली. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना हैदराबादेत राहायला जागा मिळत नाही, हे पाहून त्यांनी १९१८ मध्ये रेड्डी वसतिगृह उभे केले. श्रीमंत जमीनदारांकडून देणग्या मिळविल्या आणि मुलींच्या शिक्षणालाही हात दिला. देणगी मागायला कोतवालच दाराशी आल्यावर नाही म्हणण्याची प्राज्ञा कोणाची होती, अशी शंका येथे कोणी घेतली तर ती अगदीच गैरलागू नाही. तथापि तो पैसा ज्या कामी लागला ते काम आज शंभर वर्षांनंतरही उभे आहे. १९३४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९५३ मध्ये निवर्तले. हैदराबादच्या नारायणगुडा भागात त्यांचा पुतळा आहे. कोतवालाचा पुतळा लोक उभारतात, हे पोलीस खात्याच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

रेड्डींच्या निवृत्तीनंतर चारच वर्षांत हवा पालटली. संयुक्त प्रांतात नाव कमावलेले एस. टी. हॉलिन्स हैदराबादच्या पोलीस खात्याचे प्रमुख होऊन आले होते. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर, ती पुरती जन्माला येण्याआधीच, बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. औरंगाबादेत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना शिक्षणाला मुकावे लागले. आर्य समाजाचा सत्याग्रहही जोरात होता. चोर पकडण्यासाठी उभारलेल्या दलाला आता गाणी आणि सभा पकडायच्या होत्या. अमीनसाहेबांकडे फिर्याद घेऊन जाणारा माणूस तेव्हापासून दोनदा विचार करू लागला. पोलीस दलाची पत अशी हळूहळू उतरते. पेढीची पतही अशीच उतरते: दिवाळे निघण्याच्या कितीतरी आधी लोक ठेव ठेवणे बंद करतात.

१९४७ च्या उत्तरार्धात लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांचा जोर वाढला आणि पोलीस प्रमुख दीन यार जंग यांच्या हाताखालील दल त्यांना आवर घालण्याऐवजी बाजूला उभे राहू लागले. कित्येक ठिकाणी तर बरोबरीने चालू लागले. राजधानीत २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची भर रस्त्यात हत्या झाली. रझाकारांविरुद्ध लिहिणारा तो तरुण मुसलमान पत्रकार होता. जेथे राजधानीत ही अवस्था, तेथे परतूर-मंठ्याकडच्या आडबाजूच्या बाजारपेठांनी कोणाच्या भरवशावर राहायचे? सरहद्दीलगतच्या व्यापारी कुटुंबांनी बायका-मुले वऱ्हाडात पोहोचविली. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची शिबिरे उभी राहिली. ज्या शिवेवर पूर्वी चोर सुटका मानीत, ती आता सज्जनांनी ओलांडली. दुकानांची कुलपे तशीच राहिली आणि अनेक घरांत त्या काळातील वह्यांची पाने कोरी आहेत.

सप्टेंबरच्या १४ तारखेला औरंगाबाद भारतीय फौजांच्या हाती आले आणि तिची आगेकूच जालन्याकडे वळली. जालन्याच्या परिसरात चिवट प्रतिकार झाला. तेथे गुरख्यांची एक कंपनी मागे ठेवून मुख्य दल पुढे लातूर-मोमिनाबादकडे गेले. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई.

येथवरचा इतिहास दर सप्टेंबरात सांगितला जातो. त्यापुढचे काही आठवडे सहसा वगळले जातात. जुने पोलीस पळालेले, नवे यायचे होते आणि गावोगाव पहाराच उरला नव्हता. त्या पोकळीत संस्थानातील अनेक ठिकाणी सूडाची लाट उसळली आणि तिच्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुसलमान कुटुंबेही मारली गेली, लुटली गेली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानात फिरून पंतप्रधान नेहरूंना अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या घरात होता आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली, असे तिने म्हटले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. एका वर्षात दोन्ही बाजूंच्या निरपराध माणसांनी तेच भोगले आणि दोन्ही वेळी ठाणे तेथेच होते, ठाण्यातला कायदा मात्र नव्हता. अहिंसेला प्रथम व्रत मानणाऱ्या समाजाने या इतिहासाचे एकच पान वाचून वही मिटू नये.

लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या अमदानीत शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणून पोलीस दलाची पुन्हा उभारणी झाली. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर जहागीरदारांचे स्वतंत्र पोलीसही गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा येथे लागू झाला आणि ठाण्याचा रोजनामचा उर्दूतून मराठीत आला. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. फिर्यादीने स्वतःची फिर्याद स्वतः वाचून तिच्यावर सही करावी, ही गोष्ट मंठ्यात शक्य झाली ती त्यानंतर. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाची वंशपरंपरा संपून नेमणूक सुरू झाली. १९८१ मध्ये जालन्याला स्वतंत्र पोलीस अधीक्षक आले, तेव्हा मंठ्याचे वरिष्ठ कार्यालय परभणीहून जालन्याला गेले.

आणि आता भाड्याचा पहारा पुन्हा आला आहे. बँकेच्या दाराशी, एटीएमच्या खोपट्यात, सराफाच्या दुकानापुढे उभा असलेला बंदूकधारी हा एखाद्या खासगी संस्थेचा नोकर असतो. दीडशे वर्षांपूर्वीचा अनुभव कायद्याला जणू स्मरतो: २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना परवाना लागतो, नेमलेल्या माणसाच्या पूर्वचरित्राची पडताळणी लागते आणि पोलीस किंवा लष्कर यांच्यासारखा दिसणारा गणवेश त्याला घालता येत नाही. व्यवहारात पुष्कळ दुकानदार स्वस्तातला माणूस ठेवतात आणि परवान्याची चौकशी करीत नाहीत. त्याचा पगार दोन-दोन महिने थकवतात, ते वेगळेच. अरबांचा पगार थकवणाऱ्यांची पुढे काय गत झाली, ते वर आलेच आहे.

सराफ बाजाराची तक्रार याहून जुनी आहे. चोर पकडला जातो, तो कोणत्या तरी दुकानाचे नाव घेतो, पोलीस त्याला घेऊन दुकानात येतात आणि सचोटीने मोड विकत घेणाऱ्या सराफालाही चोरीचा माल घेतल्याच्या कलमाखाली चौकशीला तोंड द्यावे लागते. हे कलम पूर्वी ४११ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१७ झाले आहे. तक्रारीत तथ्य आहे, कारण कलमाचा धाक दाखवून सोने ‘जमा’ करून घेण्याचे प्रकार होतात. पण त्याच बाजारात, विकणाऱ्याचे ओळखपत्र न घेता, पावती न फाडता, वजन चिठ्ठीवर लिहून मोड घेणारेही आहेत. ज्याच्या खरेदीच्या वहीत नाव, पत्ता, वजन, तारीख आणि रक्कम यांची नोंद आहे, त्याला जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा ठरविणे तपास अधिकाऱ्याला अवघड जाते, कारण त्या कलमाचा सारा भर माहीत असून घेण्यावर आहे. जप्ती झाली तर रीतसर पंचनामा मागावा, त्याची प्रत घ्यावी आणि पंचनाम्यातील वजन आपल्या काट्याशी ताडून पाहावे. पंचनामा आता मराठीत असतो.

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. सकाळी तालुक्याच्या ठिकाणी ध्वजारोहण होते. दुकाने थोडी उशिरा उघडतात, शाळांची मुले रांगेत उभी राहतात, बाजारातली जुनी मंडळी टोप्या सावरीत कडेला थांबतात. झेंडा वर जातो आणि पोलिसांची तुकडी, इस्त्रीच्या कडक गणवेशात, त्या पोलीस अ‍ॅक्शनला मानवंदना देते.